सारिकाची शिवण

वाघधोंड गावात माणसाचं वय त्याच्या जन्माच्या वेळी लावलेल्या झाडावरून मोजतात. एक वीत म्हणजे एक वर्ष. त्यामुळे सव्वीस पावसाळे पाहूनही सारिका झोरे चार वर्षांची होती. तिचं शिवणीचं झाड वर कातळाच्या सड्यावर होतं, आणि सड्याची माती आंबट.

चार वर्षांची म्हणून ती रोज अंगणवाडीत जाई आणि पोरांच्या रांगेत बसून खिचडी खाई. सेविका होती तिची धाकटी बहीण मोनिका. मोनिकाची शिवण ओढ्याकाठच्या चांगल्या मातीत. एका पावसाळ्यात ती सतरावरून एकतीसवर गेली होती. पोरांना अंक शिकवायची सारिका. हजेरीपटावर सही मोनिकाची.

ग्रामसेवक मुळीक भाऊसाहेब दरवर्षी वाकून टेप लावत.

"अजून चारच. माती तपासून घे, बाळा."

तिनं तपासून घेतली. माती आम्लधर्मी आहे, मुळं पसरत नाहीत, चुना घाला, असा अहवाल आला. सारिकानं तीन वर्षं चुना आणि चुलीतली राख घातली.

"अठरा," भाऊसाहेब टेप गुंडाळत म्हणाले. आता ते तिला अहो-जाहो करू लागले. "पटावरून तुमचं नाव कमी होईल. पण मोनिकाबाई चौसष्ट झाल्यात. आणखी एक वीत वाढली की निवृत्ती. त्यांच्या जागेसाठी अर्ज करा."

सारिकानं अर्ज केला आणि बहिणीला सांगायला ओढ्यावर गेली.

"बरं केलंस," मोनिका म्हणाली. मग तिनं मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. "पोरं सवयीची झालीत गं माझ्या. घरी बसून काय करू?"

"शेंडा छाटू?"

"वय चोरल्याचा गुन्हा लागतो."

माती टाकायला मात्र कुठेच बंदी नव्हती. सारिकानं सड्यावरची आंबट माती पाटीत भरली आणि डोक्यावरून ओढ्यावर नेली. असं तिनं पंधरा दिवस केलं. मोनिकाच्या झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर थर झाला.

पुढच्या मोजणीला भाऊसाहेबांनी शिडीवर चढून दोनदा टेप लावली.

"चौसष्टच. वाढ नाही."

"माती तशी आहे," सारिका म्हणाली.

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलं. "मग तुमचा अर्ज?"

"राहू दे फायलीत."

दुसऱ्या दिवशी दहाला ती अंगणवाडीत गेली. पटावर नाव नसल्यामुळे आत बसता येत नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर बसली. मोनिकानं पोरांची तोंडं दाराकडे वळवली, आणि सारिकानं एकपासून सुरुवात केली.