दाजीबा माळ्याचा अजबखाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. अकोल्यातला दाजीबा माळ्याचा अजबखाना बंद पडला तो माझ्यामुळे. गावात त्यासाठी वेगळीच नावं घेतली जातात आणि ती ऐकून मी मान हलवतो. मान हलवणं हा माझा जुना धंदा आहे. पण माझं पुढे येईलच, आधी दाजीबा.

दाजीबांचा अजबखाना हा पृथ्वीच्या पाठीवर बहुधा एकटाच असा असेल, की जिथे पाहायला येणाऱ्यालाच मोबदला मिळे. एक वांगं. आत शिरलात, मांडलेल्या वस्तूंना हात लावून बाहेर आलात, की दाजीबा दारातल्या टोपलीतून एक वांगं निवडून तुमच्या हातावर ठेवीत. हात न लावता नुसतं बघून निघालात, तर वांगं नाही.

"पाह्यलं म्हंजे काय झालं? पाह्यते तं म्हैस बी," असं ते अशा माणसाला ऐकवीत.

त्याचं कारण असं. एकदा कोण्या शेठच्या कापसाच्या गाड्यांबरोबर दाजीबा लांबच्या एका शहरात गेले होते. तिथे साहेबलोकांनी अजबखाना काढला होता. दाजीबा आत गेले, त्यांना एक दगडी जातं दिसलं, त्यांनी सवयीने त्याच्या खुंट्याला हात घातला, आणि पट्टेवाल्याने हातावर छडी मारली.

"जातं! लेका, जात्याले हात लावू नोको म्हन्ते! माह्या मायनं मंग काय नजरेनं दळलं होतं?"

हे वाक्य परतीच्या वाटेवर त्यांनी बैलांना ऐकवलं आणि अकोल्यात पोचल्यावर आम्हाला. बैल निदान पुढे चालत राहिले. आम्ही ऐकत बसलो, आणि महिनाभरात मोर्णा नदीकाठच्या धर्मशाळेतली कोपऱ्यातली खोली दाजीबांनी पंचांकडून मागून घेतली. खोली कोरडी होती, दरवाजा सागवानी होता, पण आत पाली फार, म्हणून उतारू तिथे उतरत नसत. दाजीबांनी पालींनाही अजबखान्यात जमा धरलं.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. ती कशासाठी चालली आहे हे वऱ्हाडात कोणाला ठाऊक नव्हतं, फक्त ती थांबू नये म्हणून देवापुढे नारळ फुटत होते. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत जो तो कापसाच्या भावाने जागा होई आणि भावाने झोपे. कुणब्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एकाने तर गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या आणि मग त्या झिजतील म्हणून गाडी जुंपेचना, स्वतः पायी हिंडे. घरोघरचं जुनं उकिरड्यावर पडू लागलं: लाकडी चाकं, फाटक्या मोटा, चेपलेल्या हंड्या, बिनपायाचे पाट. दाजीबा टोपलं घेऊन उकिरडे धुंडीत.

लोक म्हणत, "दाजीबा, काहून कचरा येचून राहिले? वाफ्यात सरकी टोचा, सोनं होईन."

"अन् सोन्याची भाजी कोन खाईन? तुह्या घरची?"

त्यांनी वांगी सोडली नाहीत. सगळ्या पंचक्रोशीत कापूसच कापूस झाल्यावर भाजीवाला म्हणून दाजीबांना अचानक महत्त्व आलं, ते त्यांनी सगळं अजबखान्यात खर्ची घातलं.

मी तेव्हा एका अडत दुकानात मुनीम होतो. पावसाळ्यात बाजारात कापूस नसतो. शेठ तीर्थाला जातात आणि मुनीम माशा मारतात. मी दाजीबांकडे गेलो तो खरं सांगायचं तर वांग्यासाठी. दुसऱ्यांदाही वांग्यासाठीच. तिसऱ्यांदा त्यांनी मला दारात उभं केलं आणि म्हणाले, "मुनीमजी, तुमाले बोलता येते. आल्यागेल्याले सांगत जा." असा मी अजबखान्याचा बिनपगारी सांग्या झालो. माझ्या आयुष्यात बिनपगारी केलेलं तेवढंच एक काम, आणि त्याचं काय केलं तेही सांगणारच आहे.

कोणी वस्तू आणून दिली, की दाजीबा फौजदारासारखी चौकशी करीत. "हे कोनाचं? कोन्या गावचं? तुमच्यापाशी कसं आलं? त्याच्या आधी कोनापाशी होतं?" एका म्हातारीने फुटका रांजण आणला तर तिला तिच्या आजेसासूपर्यंत मागे नेलं. म्हातारी वैतागली. "अवो, रांजन देऊन राहिली मी, पोरगी नाई देऊन राहिली तुमाले!"

आठवडी बाजाराच्या दिवशी अजबखान्यात काही ना काही चाले. एकदा रेच्याची शर्यत लावली. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं लाकडी यंत्र, बायका हाताने फिरवतात. दाजीबांनी बायकांना पंच केलं आणि बसवलं कोणाला, तर रामजी पाटलांना, धर्मशाळेच्या पंचांच्या म्होरक्याला! पाटलांनी मिशीला पीळ दिला, दांडा धरला आणि जोर लावला. कापूस सगळा मिशीत गेला.

"पाटील, सरकी काढून राहिले का कोंबडी सोलून राहिले?" एक बाई म्हणाली.

पाटलांना वांगं मिळालं, पण बायकांनी ते किडकं निवडलं.

दुसऱ्या एका बाजारी म्हाताऱ्यांना बोलावून पेंढाऱ्यांच्या लुटीची हकीकत सांगायला बसवलं. दोनच म्हातारे आले आणि दोघेही एकाच गावचे निघाले.

"पेंढारी आले तव्हा सारं गाव बारवात लपलं," पहिला म्हणाला.

"बारवात नाई, कडब्याच्या गंजीत."

"गंजीत तू लपला अशीन. आमी बारवात होतो."

"बारवात पानी होतं!"

"म्हनून तं तू नाई आला!"

हे दिवस मावळेपर्यंत चाललं. लोक पोट धरून हसत होते. शेवटी दाजीबांनी दोघांच्याही हातावर वांगं ठेवलं आणि निकाल दिला, "दोघं बी खरे. पेंढारी आले, येवढं नक्की."

मग कार्तिक लागला आणि कापूस आला. त्या वर्षीचा कापूस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. वखारी भरल्या, गोठे भरले, मारुतीच्या देवळात मारुती दिसेना. शेठ मला म्हणाले, "मुनीमजी, कोरडी जागा बघा. दरवाजा पक्का पाहिजे."

मी गप्प बसू शकलो असतो. गप्प बसण्यात माझा हात धरणारा अकोल्यात कोणी नव्हता. नेमका त्या दिवशी मी बोललो. "मोर्णेकाठच्या धर्मशाळेत एक खोली आहे. आत कचरा आहे, पण खोली चांगली." कचरा हा शब्द माझा. तो मला कोणी शिकवला नव्हता.

शेठने पाठ थोपटली. मीच रामजी पाटलांकडे गेलो, मीच बोलणी केली. पाटलांच्या मिशीतला कापूस निघाला होता, पण मनातला निघाला नव्हता. ते लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या सकाळी दाजीबा दुकानाच्या पायरीशी उभे. पागोटं हातात. "मुनीमजी, खोली चालली म्हन्तात. पंच माहं आयकत नाई. तुमी बोलान त आयकतीन. चाला."

नाही कसं म्हणणार? म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी गेलो. आणि पाटलांच्या ओसरीवर, ज्या जाजमावर बसून आदल्या दिवशी खोली मागितली होती, त्याच जाजमावर बसून ती खोली घेऊ नका म्हणून मी बोललो. चांगलं बोललो. गावाची आठवण, पुढल्या पोरांना काय दाखवाल, कापूस आज आहे उद्या नाही. दाजीबांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझाही आवाज भरून आला, आणि भीतीची गोष्ट ही, की तो खरोखरच भरून आला होता.

पाटील माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते. मग खाकरून म्हणाले, "मुनीमजी, गोठ तुमची लाखाची. पन मागनाऱ्याले आमी जबान देल्ली."

"कोनाले देल्ली?" दाजीबांनी विचारलं.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या शेळीकडे पाहिलं.

"व्यापाराची गोठ हाय. नाव नाई सांगता येत," पाटील म्हणाले. निघताना मला मागे ओढून कानाशी पुटपुटले, "औंदा आमच्या दंडारीच्या खेळात या तुमी. असं सोंग उभ्या वऱ्हाडात कोनाले जमत नाई."

वाटेत दाजीबा म्हणाले, "तुमी होते म्हनून येवढं तरी आयकून घेतलं त्याइनं."

खोली रिकामी करायला मी गेलो होतो. मदतीला. दाजीबा एकेक वस्तू उचलून तिच्यावर हात फिरवीत आणि गाडीत ठेवीत. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दाजीबा, ह्यात तुमच्या घरचं कोणतं?"

"माहं? माहं काईच नाई."

आणि मग खोकल्यासारखं करून सांगितलं. पूर्वी ते पातुराकडच्या एका खेड्यात राहत. तिथे पटकीची साथ आली. बायको गेली, मागोमाग लहान पोरगी. गावाने मरीआईचा गाडा काढला. रिवाज असा, की गेलेल्यांचं सगळं त्या गाड्यात घालायचं आणि गाडा शिवेपार लोटून द्यायचा, म्हणजे रोग गावाबाहेर जातो. पुढच्या गावाने तो त्यांच्या शिवेपार लोटायचा.

"म्या सारं घातलं. काई ठेवलं नाई. गावाची गोठ होती ना. बायकोचं लुगडं, तिची फनी. अन् पोरीचा पांगुळगाडा. म्याच केला होता, बाभळीचा. एका चाकात गाठ होती, म्हनून थो डाव्या अंगाले जाये. पोरगी बी मंग डाव्या अंगालेच चालाले शिकली." हसले. "पुढं म्या लय हिंडलो त्या गाड्यामागं. हरेक गाव म्हने, आमी पुढं लोटला. आखरीले कोनी सांगेचना. मरीचं म्हनल्यावर कोन कबूल होते? मंग वाटलं, आपुन कायले हिंडाव? जुनं आना म्हनाव, लोकच आनतीन. कवातरी कोनी आनीन. मले पाहा नाई लागत, हाताले समजन."

त्यांनी रांजण गाडीत ठेवला आणि खाली मऊ लागावं म्हणून गवत सारखं केलं. मी पुढचा पाट उचलून त्यांच्या हातात दिला. बोलायची तीच वेळ होती. संध्याकाळी खोलीत कापूस भरला, दाराला शेठचं कुलूप लागलं.

पुढे गोऱ्यांची ती लढाई थांबली. नारळांचा उपयोग झाला नाही. भाव असा पडला, की चांदीच्या धावा गेल्या आणि लोक उकिरड्यांवर जुनी चाकं शोधू लागले. शेठ आपल्या मुलखाला निघून गेले आणि जाताना पडत्या भावात एक वखार माझ्या नावाने करून गेले. धर्मशाळेची खोली पंचांनी एका भुसाऱ्याला धान्य ठेवायला दिली.

दाजीबांच्या वस्तू त्यांच्या मळ्यात, मांडवाखाली पडून आहेत. पावसात भिजतात. इतक्या लांब चिखलातून कोणी जात नाही आणि काही आणून देणारंही कोणी जात नाही. ते बाजारात भाजी घेऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "घरी जुनं काई हाय काय?" लोक वांगी घेऊन चालू लागतात. कोणी अजबखान्याची आठवण काढली, तर दाजीबा माझ्याकडे बोट करून सांगतात, "मुनीमजीनं लय जीव तोडला, पन पंच आयकलेच नाई." आता त्यांना नीट दिसत नाही. आवाजावरून मला ओळखतात.

माझी वखार कोरडी आहे, रिकामी आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. दाजीबांना मी एक खोली देणं लागतो, आणि आधीची कोणी घालवली हे त्यांच्या तोंडावर सांगणं लागतो. अजून दोन्ही दिलेलं नाही.