तक्रार नसलेला पोरगा

फाळणीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, सिंधमधून आलेली तरुण पोरं नव्या गावात रुळली की नाहीत हे तपासण्यासाठी पेणात एक रुळवणूक अधिकारी नेमण्यात आला. न रुळलेल्यांना निर्वासितांच्या छावणीत परत धाडायचं, असा हुकूम होता. कमळाकर नावाचे हे साहेब रामवाडीत बाबाजीच्या पडवीत येऊन बसले. बाबाजीची बायको चंद्रावती वारली, तेव्हापासून टेकचंद हा सिंधी पोरगा त्याच्याकडे राहत होता, रांधत होता. तो गेला असता तर बाबाजीवर चुलीशी बोलायची पाळी आली असती.

"याच्याबद्दल काही तक्रार?" साहेबांनी विचारलं.

"नाय हो. गुणाचं पोर हाय."

"आळीत कुणाशी भांडण?"

"अजाबात नाय."

साहेबांचा चेहरा पडला. "मग कठीण आहे. इथं भावाचं भावाशी बांधावरून वाकडं, सासूचं सुनेशी पापडावरून. ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, तो नियमानुसार पाहुणा. उद्याच्या मोटारीनं छावणी."

"थांबा साहेब, आत्ता भांडतो," बाबाजी म्हणाला. साहेबांचा चहा संपेपर्यंत मुदत मिळाली. टेकचंद आत चुलीपाशी आमटी ढवळत होता.

"टेकू, आमटी अळणी झालीय."

"जी, चुकलं."

साहेबांनी मान हलवली. "'चुकलं' हे पाहुणेपणाचं लक्षण. पुढे."

"भात लई खातोस तू."

"जी, उद्यापासून कमी खातो."

साहेबांचा कप तळाला आला. बाबाजीच्या तोंडातून भलतंच निघालं, "माझ्या बायकोच्या आमटीची सर तुला जन्मात यायची नाय."

टेकचंदनं पळी आपटली. "रोज तेच. मी काय तुमची बायको हाय? गुमान गिळा, नायतर उपाशी निजा."

चंद्रावती गेल्यापासून त्या घरात बाबाजीला 'गुमान गिळा' कुणी म्हटलं नव्हतं. बाबाजीचा आवाज असा चढला की शेजारणी कामं टाकून दारात आल्या.

"मेल्या, माझ्याच घरात मलाच सांगतोस?"

"मग कुनाला सांगू? दुसरं हाय कोन इथं?"

साहेबांनी 'पूर्ण रुळला' असा शेरा मारला आणि समाधानानं चपला घातल्या. भांडण तोवर मिठावरून मसाल्यावर गेलं होतं.

ती कचेरी म्हणे अजून बंद झालेली नाही. तेव्हा वाचकहो, 'आमचं बुवा शेजारीपाजारी कुणाशी काही नसतं' असं तुम्ही अभिमानानं सांगत असाल, तर सामान बांधून ठेवा.