गाळातलं कुलूप

"किल्ली हरवली म्हनून कुनाजवळ बोलायचं न्हाई बरं का, जावईबापू," सरपंच आबासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. तेवढ्यात चावडीसमोर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांतून एकीने विचारलं, "मंग आबा, घावली का किल्ली?"

साल बहात्तरचं होतं. तिसगावच्या अलीकडच्या त्या खेड्यात आभाळ तापल्या तव्यासारखं उताणं पडलं होतं. चिमण्यासुद्धा गाव सोडून गेल्या होत्या. चावडीच्या खोलीत सरकारी मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती येऊन पडली होती आणि खोलीच्या दाराला सात लिव्हरचं दांडगं कुलूप होतं. कुलपावर लोखंडी पेटी बसवलेली, म्हणून घण पोचत नव्हता. दार फोडावं, तर लूट झाली म्हणून बोभाटा. उद्या सकाळी तालुक्याचा साहेब येणार होता, आणि तोवर वाटप झालं नाही तर पोती पुढच्या गावाला हलवायचा हुकूम होता. कालपासून गावातल्या चुली गार होत्या.

सहादेव त्या गावचा घरजावई. तिसगावच्या बाजारात स्टो, छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचा. घरजावयाला गाव मान देतं तो हसत हसत. आज पहिल्यांदा कुणी न हसता त्याच्याकडे बघत होतं.

"उघडीन," तो म्हणाला. "पन आधी असल्याच दुसऱ्या कुलपावर हात बसवाय लागंल. ह्याच्यात काडी मोडली, तर मंग किल्ली घावली तरी उपेग न्हाई."

तसलंच दुसरं कुलूप त्याच्याकडे होतं. कोरड्या पडलेल्या गावविहिरीचा गाळ काढताना चिखलातून कुलपं निघाली होती, एक नाही, चांगली टोपलंभर. गाळ काढणाऱ्यांनी ती हातातून अशी टाकली जणू विंचूच. कुणी घरी नेलं नाही. सहादेवाला नवल वाटलं, आणि त्यातलं सगळ्यात जड कुलूप त्याने धोतराला पुसून पिशवीत टाकलं. विहिरीत कुलपं का, हे परगावच्या माणसाला कोण सांगणार?

दुपार टळटळीत झाली. सहादेव घरापुढच्या निंबाखाली मांडी घालून बसला. आधी कुलूप रॉकेलमध्ये बुडवलं. संपलेल्या बॅटरीच्या सेलमधली काळी कांडी कुटून तिची पूड भोकात फुंकली. मग छत्रीच्या काडीने आतला खटका दाबून धरला आणि सायकलच्या स्पोकने आतल्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर, एकेक करून उचलायला लागला.

जोर जास्त झाला की सगळ्या लिव्हर जागीच आवळायच्या. जोर कमी केला की उचललेल्या खाली पडायच्या. घाम डोळ्यांत उतरायचा आणि कुलूप ढिम्म.

"जेवून तरी घ्या," बायको मनकर्णा दारातून म्हणाली, आणि स्वतःच थांबली. "जेवून म्हंजी, पानी पिऊन."

तेवढ्यात एक लिव्हर चढली. टिक्.

आणि पलीकडच्या घरातून आवाज आला. "हूंऽऽ."

लांब, नाकातला, जात्यावर बसलेल्या बाईचा असतो तसा. पण दळायला कुणाच्या घरात दाणा नव्हता.

सहादेवाने मान वर केली. लिव्हर पडली. आवाज थांबला. पुन्हा लिव्हर उचलली. पुन्हा "हूंऽऽ". या वेळी सूर जरा वर चढला. दुसरी लिव्हर चढली, तसा सूर आणखी चढला. फांदीवरचा वाळका पाला हलत नव्हता, वारा नव्हता, कुत्रंही भुंकत नव्हतं. होतं फक्त ते हूं, पाताळातून यावं तसं.

"मनकर्ने, त्या घरात आत्ता कोन हाय गं?"

मनकर्णेचा चेहरा पांढरा पडला होता. "बनुआजी. पन ती बोलत न्हाई. सुनंचं, आक्काबाईचं, लगीन झालं त्या सालापासनं तिच्या तोंडातनं सबूद न्हाई." मग तिची नजर नवऱ्याच्या मांडीवरच्या कुलपावर गेली. "हे कुठनं आनलं?"

"विहिरीतनं."

"अगं आई!" ती खालीच बसली. "आवो, कुनाचं तोंड बंद करायचं आसलं की आमच्या गावात त्या मानसाचं नाव घेऊन कुलूप लावत्यात आन् विहिरीत टाकत्यात. हे कुनाचं तरी तोंड हाय! आन् तुमी त्याच्यात स्पोक घालून बसलाय!"

हे बोलणं कुडापलीकडे पोचायला कितीसा वेळ लागणार? बनुआजीची सून आक्काबाई धावत आली. पदराचं भान नाही, पायात चप्पल नाही.

"जावईबापू, पाया पडते, उघडू नका! ते माझं हाय!"

"तुमचं?"

"सासू लई बोलायची वो. उठता बोलायची, बसता बोलायची, भाकरी थापली की बोलायची, न्हाई थापली तरी बोलायची. आवसंला कुलूप टाकलं, दुसऱ्या दिवसापासनं म्हातारी गप! आता उघडलं तर इतक्या सालाचं समदं एकदम निघंल!"

तिकडून आबासाहेब आले. ते घाई करायला आले होते. "झालं का, जावईबापू? बाया वरडाय लागल्यात, उघडा लवकर." मग त्यांनी कुलूप बघितलं, आणि त्यांच्या मिशा खाली उतरल्या. "हे विहिरीतलं? उघडू नका."

"आबा, आत्ता तर उघडा म्हनत हुतात!"

"चावडीचं उघडा. हे नको. बांधाच्या कज्ज्यात आसारामानं साक्ष देऊ नये म्हनून मीबी एक टाकलं हुतं. हेच आसंल."

"न्हाई, माझं हाय," आक्काबाई म्हणाली.

"माझं. माझं असंच जड हुतं."

"ह्याच्यावर हात बसल्याबिगर चावडीचं उघडायचं न्हाई," सहादेव कपाळ पुसत म्हणाला. "आता सांगा, पोरांच्या पोटात मिलो जाऊ द्यायचा का तुमची कुलपं सांभाळायची?"

चावडीकडून रिकाम्या टोपलीवर कुणीतरी ताल धरल्याचा आवाज येत होता. आबासाहेबांनी तोंड फिरवलं. आक्काबाईने डोळे मिटून घेतले. दोघांनी परवानगी दिली ती अशी.

सहादेवाने काडी घातली. लिव्हर एकेक चढत गेल्या. शेवटची चढली, टिक् वाजली, पण कडी सुटेना. बनवणाऱ्याने आत खोटी खाच ठेवली होती. लिव्हर त्यात अडकून बसायची आणि उघडल्याची हूल द्यायची. सहादेव जास्तच जोराने दाबायला लागला. कुलूप जास्तच आवळायला लागलं.

"हूंऽऽ," आवाज आला. या वेळी घरातून नव्हे.

बनुआजी उंबऱ्याबाहेर आली होती. भर उन्हात अनवाणी, पांढऱ्या केसांची, ओठ घट्ट मिटलेले. ती चालत होती आणि मिटल्या ओठांतून सूर येत होता. निंबाच्या सावलीची रेघ ओलांडून ती सहादेवाच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या मानेशी वाकली.

"हूंऽऽऽऽ!"

सहादेवाच्या हातातला जीवच गेला. बोटं सैल पडली. खटक्यावरचा दाब हलका झाला, लिव्हर खोट्या खाचेतून घसरून खऱ्या खाचेत बसली, आणि इतकी वर्षं गाळाखाली निजलेलं कुलूप खाडकन उघडलं.

आक्काबाई दोन पावलं मागे सरकली.

बनुआजीने ओठ उघडले. ते एकमेकांपासून सुटताना वाळल्या शेंगेसारखे वाजले.

"सुटले बया," ती म्हणाली. "कुलूप माजं हुतं."

"तुमचं?" आक्काबाई किंचाळली. "कुनासाठी?"

"तुज्यासाठी. घरात पाऊल टाकल्यापासनं तुजं तोंड चालू. मी आवसंला कुलूप टाकलं. पन टाकनाऱ्यानं बी गप ऱ्हायचं असतंय, समोरचीचं तोंड मिटंस्तोवर. मी गप ऱ्हायले. तुजं काय मिटंना, माजं काय सुटंना. दुपारपासनं खिडकीतनं बघत हुते, म्हनलं, उघड बाबा, उघड. मिटल्या तोंडानं बोंबलून बोंबलून माजं नाक दुखाय लागलं."

"टाकनाऱ्यानं बी गप ऱ्हायचं असतंय?" आबासाहेबांनी विचारलं. "मला कुनी सांगितलं न्हाई! मी तर टाकल्याचं गावभर सांगितलं हुतं. म्हनून आसाराम कोर्टात घडाघडा बोलला व्हय!"

सगळी चावडीकडे धावली. उन्हं कलली होती. सहादेवाने पेटीत हात घालून काडी लावली. आता त्याला भीती नव्हती, सगळं समजलं होतं, आणि म्हणूनच हात पुन्हा जड पडत होता. लिव्हर चढल्या. टिक्. कडी सुटेना. तो दाबायला लागला.

"दाबू नकोस, मुडद्या!" बनुआजी कानाशी कडाडली. "बायकोच्या गालाला हात लावल्यावानी धर की!"

सहादेव दचकला, हात सैल पडला, आणि चावडीचं कुलूप उघडलं.

दारातून मिलोचा कोरडा, लालसर वास बाहेर आला. बायका उठल्या, पोरं पुढे घुसली, आबासाहेब मापं ओतायला बसले. गलका एवढा झाला की कोण कुणाला बोलतंय ते कळेना. त्या गलक्यावरून बनुआजीचा आवाज वाहत होता. इतक्या सालांचा साठलेला, बांध फुटल्यासारखा. लग्नातल्या करपलेल्या पोळ्या, गेल्या साली मेलेली शेळी, परवाचं खारट कोरड्यास, सगळं त्यात होतं.

आक्काबाई खाली मान घालून रांगेत उभी होती. तिची पाळी आली. तिने टोपली पुढे केली.

"थांब," बनुआजी मध्येच म्हणाली. सगळी थांबली. म्हातारीने सुनेच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आक्के, परवा माज्या पानात भाकर हुती. तुज्या पानात नव्हती. मी बघितलं हुतं. बोलायची सोय नव्हती म्हनून गप ऱ्हायले. आज पैली भाकर तू खायाची."

आक्काबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. डोळ्यांतून तेवढं पाणी आलं, त्या वर्षी गावात कुणी बघितलं नव्हतं एवढं.

बनुआजीने सुनेची टोपली आबासाहेबांपुढे सरकवली. मग सहादेवाच्या कोपराला ढोसून हळूच म्हणाली,

"मिटलं बघ."