राजाचं शेवटचं वाक्य

"सव्वीस वर्षं हा राजवाडा माझ्या जिभेवर आहे. मला काय शिकवणार?" गाईडमामांनी पहिल्याच दिवशी प्रशिक्षणाच्या मॅडमना सुनावलं. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या!

"मामा, छापील माहितीपत्रकं बंद. कागद वाचवायचा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मोबाईलवर माहिती रेकॉर्ड करून द्या. दारावरचा कोड स्कॅन केला की प्रत्येक पर्यटकाच्या कानात तुमचा आवाज!"

तुमचा आवाज! मामा लोण्यासारखे विरघळले. "उद्या देतो. एका दमात!"

घरी त्यांनी बेडरूमचं दार लोटलं, पंखा बंद केला आणि बावीस मिनिटं असे काही बोलले, की स्वतःच्याच अंगावर काटा आला. पुन्हा ऐकून तपासायचं कशाला? दिलं पाठवून!

आठवडाभराच्या रजेनंतर मामा सोमवारी कामावर आले, तेव्हा दरबारात चाळीस पर्यटक कानाला मोबाईल लावून उभे. आता यांचे डोळे पाणावणार, म्हणून मामा खांबाआड टपून बसलेले. आणि सगळे एकदम खो खो हसले!

राजाने जिथे प्राण सोडला, तिथे हसतात? मामांनी एका गृहस्थाचा मोबाईल जवळजवळ हिसकावलाच.

"...आणि याच खिडकीपाशी राजा शेवटचं वाक्य बोलला—"

धाडकन दार. मग मामी. "अहो, नळ कोण बंद करणार? टाकी रिकामी झाली ना!"

"आलो, आलो..."

तेव्हा मामांनी रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं होतं. म्हणजे, दाबलंय असं त्यांना वाटलं होतं.

ते तणतणत मॅडमकडे गेले. "काढा ते! आत्ताच्या आत्ता! इतिहासाची विटंबना आहे ही!"

"काढू? अहो मामा, आठवडाभर हसत हसत लोक स्वच्छतागृहातले नळ आठवणीने बंद करतायत! आमच्या पाट्यांनी चार वर्षांत जमलं नव्हतं. फक्त एक विनंती आहे. आधीची अकरा मिनिटं कापू का? लोक ती सोडून थेट मामींवरच येतात."

सव्वीस वर्षं! संतापाने लालबुंद होऊन मामा घरी आले आणि सगळी हकिकत मामींच्या कानावर घातली. निदान बायको तरी आपल्या बाजूने उभी राहील!

मामींनी हातातल्या कपड्याची घडी पुरी केली.

"मग कापू दे की," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुमचं लांबतंच."