सहावं पाशिंजर

रोज दुपारी तीन वाजता शेजारच्या दत्तूमामांच्या घरात डबल बेल वाजायची. मामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. घरात ते एकटेच, तरी भिंतीपलीकडून हुकूम यायचा, "पुढं सरका की, पावणं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा चहा अंगावर सांडला.

मामांनी उभ्या नोकरीत गाडीतली दांडी धरली नाही. जोतिबाच्या घाटातसुद्धा दोन्ही हात मोकळे सोडून तिकिटं फाडायचे. मग मामी गेल्या आणि चारच महिन्यांत मामांचा तोल गेला. मोरीपर्यंत जाताना दोनदा पडले.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी टीव्हीला एक गेम जोडून दिला. पायाखाली फळी, पडद्यावर होडी. आपण कललो की होडी कलते. आतली माणसं न पाडता काठ गाठायचा. मामांनी झोपाळ्याच्या कडीला घंटा टांगून दोरी हाताशी घेतली. एक टोला थांबा, दोन टोले चला.

पुण्याच्या लेकीनं बजावलं होतं, महिनाअखेर होडी काठाला लागली नाही तर या घराला कुलूप आणि तुम्ही पुण्याला. पुण्याचं नाव काढलं तरी मामांना चक्कर येते. तरीही काठ हातभर राहिला की रोज ते फळीवरून खाली उतरायचे. मी बघायला जाऊन बसायचो, मला भयंकर राग यायचा. शेवटी विचारलंच.

"काठ आला की सगळी उतरत्यात," ते म्हणाले. "मागच्या शिटावर हिरवं लुगडं दिसतंय न्हवं? तीबी उतरंल."

मी पाहिलं. होडीत पाच बाहुल्या होत्या, पाचही टोपीवाले पुरुष. मागची जागा रिकामी होती. मामी हिरवं लुगडं नेसायच्या. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

महिनाअखेर लेक आली, मॅडमही आल्या. मामा फळीवर चढले, डबल बेल दिली. होडी सरळ निघाली. काठाजवळ त्यांनी एक टाच उचलली. आता उतरणार असं मला वाटलं. पण त्यांनी घरभर एकदा नजर फिरवली, होडी काठाला लावली आणि एक टोला दिला.

पाचही टोपीवाले काठावर गेले. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मामा हलले नाहीत.

"सावकाश उतर," ते हळू म्हणाले. "गाडी थांबलीया."

मामा फळीवर अगदी स्थिर उभे होते, तरी रिकामी होडी एकदा डुलली.

पुण्याचा विषय मिटला. मामा आता काठीशिवाय फिरतात. मामींच्या घरात राहता यावं म्हणून त्यांनी मामींनाच उतरवलं, याचं मला फार वाईट वाटतं. घंटा बंद आहे. तीन वाजले की मीच भिंतीला कान लावून बसतो.