बबनअण्णांचं आवतण

बबनअण्णा माणसाला नाव विचारत नाहीत. देव विचारतात.

चाकणच्या आमच्या कंपनीत मी रुजू झाले, त्या दिवशी गळ्यात अजून ओळखपत्रही पडलं नव्हतं. स्टोअर्सच्या दारातून आत शिरते न शिरते तोच एक फोर्कलिफ्ट माझ्यासमोर येऊन कचकन थांबली. वर पांढऱ्या मिशांचे, हेल्मेटच्या आतून गांधी टोपी डोकावणारे एक गृहस्थ. मला वाटलं, पिवळ्या पट्ट्याच्या आतून चाला म्हणून झापणार. तर म्हणाले, "गाव कंचं?"

"जालन्याकडचं."

"आन देव?"

"देव म्हणजे... आमच्याकडं तसं काही फार नाही हो."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी घरून न जेवता आले होते. "असं कसं? गाव हाय म्हंजी देव हाय. आईला फोन लावा."

पहिल्याच दिवशी कशाला वाद, म्हणून लावला. पुढची वीस मिनिटं ते माझ्या आईशी बोलले. मागं तीन ट्रक माल उतरायचे उभे, सुपरवायझर लांबून हातवारे करतोय, आणि हे फोर्कलिफ्टवर बसून आमच्या गावची चौकशी करतायत. आमच्या गावच्या माळावर म्हसोबा आहे आणि त्याला अमावास्येला नारळ लागतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी असं कळलं. अण्णांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि लिहिलं, 'माळावरला म्हसोबा. प्लॅनिंगच्या म्याडमचा.' मग फोर्कलिफ्ट मागं घेत म्हणाले, "संबळ येतो मला. तुमी झांजा शिका."

म्हणजे कंपनीच्या गोंधळी मंडळात माझी भरती अशी झाली. नोकरी आधी की मंडळ आधी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मंडळ म्हणजे चार माणसं. संबळ आणि गाणं अण्णांचं. तुणतुण्यावर वेल्डिंगचा सलीम, सोलापूरकडचा. दिवटी धरायला असेंब्लीतला ज्ञानू, अण्णांच्याच गावचा. झांजांवर मी. जन्मानं गोंधळी आमच्यातलं कुणीच नाही. लहानपणी गावात गोंधळी यायचे तेव्हा अण्णा त्यांच्या मागं मागं फिरले, त्यातून जे कानात राहिलं ते आमचं भांडवल. पहिल्या पाळीतून सुटलं की साडेतीनला कँटीनच्या मागच्या शेडमध्ये तालीम. पहिल्या तालमीला ज्ञानूनं दिवटी पेटवली आणि पाचव्या मिनिटाला सेफ्टीवाले साहेब धावत आले. उघड्या ज्योतीला परमिट कुठंय? अण्णा शांतपणे म्हणाले, "देवीचं काम हाय सायेब, परमिट बी काढू." आणि खरंच काढलं! तेव्हापासून आमच्या दिवटीला वेल्डिंगवाल्यांचं हॉट वर्क परमिट लागतं आणि तालीम संपेपर्यंत एक सेफ्टीवाला आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन शेजारी उभा असतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोही ताल धरायला लागला. अण्णांनी त्याचा देव विचारून घेतला.

ही देवांची वही कशासाठी, ते सांगायला हवं. गोंधळाची सुरुवात आवतणानं होते. संबळ घुमत असतो आणि गाणारा एकेका गावच्या देवाला नाव घेऊन बोलावतो, अमक्या गावच्या अमक्या, गोंधळाला ये. सगळे आले की मग पुढची कथा. अण्णांचा मुद्दा सरळ होता. कंपनीचा गोंधळ आहे, तर कंपनीतल्या सगळ्यांचे देव आले पाहिजेत. दर आठवड्याला कुणीतरी नवीन भरती व्हायचं आणि आमचं आवतण लांबायचं. सलीमच्या गावचा पीर होता, कँटीनच्या आचाऱ्याचा जगन्नाथ होता, पेंट शॉपमधल्या बिहारी पोरांची छठी मैया होती, डिझाइनच्या साहेबांचा मुरुगन होता.

"कुणी ऱ्हायलं तर न्हाई ना?" हे अण्णांचं पालुपद. लिफ्टचं दार मिटताना ते पाय घालून हे विचारतात. चहा वाटताना विचारतात. एकदा कंपनीची बस त्यांनी भोसरीला दहा मिनिटं थांबवून ठेवली, कदम आला नाही म्हणून. कदम महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. "मग सांगून जायला पायजे व्हतं का नको?" म्हणून वर अण्णाच चिडले.

आता माझा जन्म गेला सेकंद मोजण्यात. कुठल्या मशीनवर किती वेळ जातो, तो कसा वाचवायचा, याचाच मला पगार मिळतो. आणि नशिबानं गाठ कुणाशी घातली, तर ज्याला संपवणंच माहीत नाही अशा माणसाशी.

यंदा कंपनीच्या स्नेहसंमेलनात आमचा गोंधळ ठरला. चिंचवडला नाट्यगृहात, गुरुवारी, आमच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. आम्ही खूश. मग एचआरची अवंतिका कागद घेऊन आली. मोठ्या साहेबांचं भाषण आणि फॅशन शो यांच्या मध्ये आम्हाला आठ मिनिटं होती. "आठ म्हणजे आठ हं अण्णा. नाहीतर पडदा पडेल."

मी त्याच दिवशी घड्याळ लावून बसले. सत्तेचाळीस देव, देवामागं अकरा सेकंद. नुसतं आवतणच आठ मिनिटं सदतीस सेकंद. कथा नाही, आरती नाही, नुसते पाहुणे येतायत तेवढ्यात पडदा.

मी वही मागितली. बघते तर जेजुरीचा खंडोबा नऊ वेळा.

"अण्णा, अहो देव एक, नोंदी नऊ?"

"नऊ जणांचा हाय नव्हं?"

"पण देव एकच ना! एकदा बोलावला की आला."

"असं व्हय. तुमच्या घरात नऊ जावा असत्या आन पत्रिका एकच दिली असती, तर आठजणी फुगून बसल्या असत्या का नसत्या?"

"बरं, मग जिल्हावार घेऊ. कोकणातले सगळे देव, एकदम या. मराठवाड्यातले सगळे, एकदम."

अण्णांनी संबळाच्या काड्या खाली ठेवल्या. "म्याडम, लग्नाचं आमंत्रण नोटीस बोर्डावर चिकटवून कोण येतं का? दारात जाऊन, नाव घिऊन बोलवावं लागतं. न्हाईतर बोलवूच नये."

सलीम हसत होता, ज्ञानू हसत होता. मला मात्र घाम फुटला. कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते. मी चिडूनच म्हटलं, "अण्णा, बाराच नावं घेऊ. नाहीतर कार्यक्रमच होणार नाही."

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कमरेचा संबळ सोडला, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कुणाला वगळायचं ते तुमीच ठरवा. माझ्यानं व्हायचं न्हाई. आन वगळणार असाल तर मला बी वगळा."

परतीच्या बसमध्ये मी लाल पेन काढून बसले. पहिलं नाव वाचलं. 'पीर, उरूस माघात. सलीम वेल्डर. आई आजारी, इचारणे.' दुसरं वाचलं. 'काळूबाई. नाईटचा गुरव. पोरगी धाव्वीला हाय.' प्रत्येक देवापुढं एक माणूस आणि त्या माणसाचं काहीतरी. माझ्या म्हसोबापुढं लिहिलं होतं, 'म्याडम एकट्या ऱ्हातात, सांगवीला. सणाला डबा.' गेल्या दिवाळीत फराळाचा डबा माझ्या टेबलावर कुणी ठेवला ते मला कळलंच नव्हतं. मी कंपनीचाच समजून खाल्ला होता. लाल पेन पर्समध्ये परत गेलं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. मी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. सत्तेचाळीस देवांत अण्णांचा देव नव्हता.

ज्ञानू शेजारच्याच सीटवर होता. त्याला विचारलं. त्यानं आधी मागच्या सीटवर कोण आहे ते बघितलं. मग म्हणाला, "वाघजाई हाय त्यांच्या भावकीची. पर नऊ वर्सं झाली म्याडम. बांधावरनं थोरल्या भावाचं आन अण्णांचं वाजलं. बोलणं बंद. अण्णा गाव सोडून पुनावळ्याला आले. जत्रेला भावकीत घरोघर आवतण फिरतं, अण्णांना येत न्हाई. जत्रेच्या दिवशी अण्णा डबल शिफ्ट मागून घेतात."

"मग तू दे ना आवतण!"

"मी भावकीतला न्हाई. ते घरच्यांनीच द्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना सरळच विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, आडून आडून मला जमत नाही. "अण्णा, वाघजाई का नाही वहीत?"

फोर्कलिफ्टचं इंजिन बंद करून त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "मला तिच्या दारात बोलवत न्हाईत," ते म्हणाले. "मी तिला कंच्या तोंडानं बोलवू?"

मी प्लॅनिंगमध्ये जाऊन बसले. आणि तिथं, समोर लाइनचा तक्ता बघता बघता, मला माझीच विद्या आठवली. एका माणसावर काम तुंबलं, तर आम्ही काय करतो? काम कमी करत नाही. वाटून देतो!

तीन दिवस मी हातात वही घेऊन सगळे शॉप पालथे घातले. सत्तेचाळीस माणसं गाठली. म्हटलं, अण्णांचा संबळ तुमच्या बाजूला वळला की उठून उभं राहायचं आणि आपापल्या देवाला आपण हाक मारायची. पेंट शॉप आधी, मग असेंब्ली, मग वेल्डिंग. माणशी दोन सेकंद. अण्णांना एवढंच सांगितलं, की कुणालाही वगळलेलं नाही, तुम्ही नुसते वाजवा. ते संशयानं बघत होते, पण आले.

त्या दिवशी नाट्यगृहात काय झालं ते कुठल्याच तक्त्यात बसणारं नव्हतं. आचाऱ्याला दम धरवला नाही, त्यानं साहेबांचं भाषण संपायच्या आतच जगन्नाथाला हाक मारली. नऊ खंडोबावाले एकदम उठले आणि आधी कोण म्हणून दोघांची तिथंच जुंपली. पण मग संबळ घुमायला लागला आणि अख्ख्या हॉलमधून हाका आल्या. बायका उठल्या, पोरं खुर्च्यांवर चढली. अण्णा संबळ वाजवत वळत होते, ज्या बाजूनं हाक येईल त्या बाजूला, आणि प्रत्येकाला मान डोलावून पोच देत होते. दीड मिनिटात सत्तेचाळीस देव आले.

मी माइकपाशी गेले. माझा आवाज म्हणजे पत्रा घासल्यासारखा, म्हणून तर मला झांजा दिल्या होत्या. पण ओरडले. "बबनअण्णांच्या गावच्या वाघजाई, गोंधळाला ये!"

ज्ञानूनं दिवटी उंच केली. सलीम ओरडला, "ये!" आणि सगळा हॉल ओरडला.

संबळ थांबला. अण्णा काड्या हातात धरून नुसते उभे राहिले. किती सेकंद, ते मी मोजलं नाही. अवंतिकासुद्धा घड्याळाकडं बघत नव्हती. मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि असा काही हात टाकला, की माझ्या झांजा मागं पडल्या.

पडद्यामागं आल्यावर मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. कसली शाबासकी! अण्णा घाबरेघुबरे झाले होते. "म्याडम, तुमी बोलवलंत तिला. आता ती यील. घरी काय बी केलेलं न्हाई वो मी!"

"मग करा की अण्णा."

"फुडल्या गुरवारी करतो. सगळ्यांनी यायचं."

"देवीचा वार मंगळवार ना?"

"कामगाराची देवी हाय. तिला सुट्टी कळती."

आठवडाभर अण्णा आवतण देत फिरले. फोर्कलिफ्ट प्रत्येक मशीनपाशी थांबायची आणि नाव घेऊन आवतण व्हायचं. बुधवारी ज्ञानू मला हळूच म्हणाला, की आदल्या संध्याकाळी अण्णा गावाला गेले होते. थोरल्याच्या दारात स्कूटर उभी केली. पायरी चढले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "गुरवारी वाघजाईचं जेवण हाय माझ्याकडं. घरातल्या सगळ्यांनी यायचं." थोरला ओसरीवर बसला होता, तो उठला नाही. पाणी न पिता अण्णा परत आले.

गुरुवारी पुनावळ्याला त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पंगती बसल्या. अण्णा स्वतः वाढत होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, बटाट्याची भाजी. सोसायटीच्या वॉचमनचा देव विचारून त्यालाही बसवला. एक पंगत उठली, दुसरी बसली. वाढता वाढता अण्णांची नजर सारखी गेटकडं जायची. आम्हा तिघांना कळत होतं, म्हणून आम्ही तिकडं बघायचं टाळत होतो.

भाऊ आला नाही.

शेवटची पंगत बसत असताना गेटपाशी रिक्षा थांबली. डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्कर बाई एकटीच उतरली. हातात नारळ आणि कुंकवाची पुडी. ज्ञानू पुटपुटला, "थोरली वैनी."

अण्णा आमटीचं भांडं हातात घेऊन तसेच उभे. तिनं नारळ आणि कुंकू देवीच्या फोटोपुढं ठेवलं, हात जोडले आणि पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णा पान घेऊन आले, पोळी वाढली. तेव्हा ती खाली बघूनच म्हणाली, "भावजी, चैतात जत्रा हाय. तुमचं भाऊ काय बोलायचं न्हाईत. पर आवतण घरच्या बाईनं दिलं तरी चालतंय. म्या देती. या."

अण्णांनी तुपाची वाटी उचलली आणि तिच्या पोळीवर वाढायला लागले. पोळी भिजली, भाजी भिजली, तूप पानाच्या कडेला आलं. ते वाढतच राहिले, आणि वहिनींनी हात आडवा केला नाही.