झिपऱ्याचं जपून ठेवलेलं दुःख

एका जंगलात, बाळांनो, झिपऱ्या नावाचा कोल्हा राहत असे. तो ब्लूज गायचा. ब्लूज म्हणजे काय? आपलं दुःख ठेक्यात गायचं, पहिली ओळ दोनदा म्हणायची, की मन हलकं होतं. झिपऱ्याची बायको भामा माहेरी निघून गेली होती. म्हणून तो रोज संध्याकाळी टेकाडावर बसून गायचा:

भामा गेली सोडून, हो, भामा गेली सोडून,
उरली होती कोंबडी, तीही गेली घेऊन!

त्याच जंगलात एक विद्यापीठ होतं. असतात जंगलात विद्यापीठं, मध्ये प्रश्न विचारू नका. तिथल्या लोकगीतांच्या संग्रहाच्या प्रमुख होत्या डॉ. घोरपडबाई. एकदा धरलं की त्या सोडत नसत.

"बुवा, हा तर आपला वारसा!" झिपऱ्याचं गाणं ऐकून बाई म्हणाल्या. "आम्ही तो जपणार."

त्यांनी गाणं रेकॉर्ड करून संग्रहाच्या थंडगार खोलीत ठेवलं. झिपऱ्याला शाल मिळाली. तो हुरळून गेला.

पण झालं काय, माहेरच्या कोंबड्या संपल्या आणि भामा परत आली. झिपऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्या संध्याकाळी तो गायला, "भामा आली हो, भामा आली!"

घोरपडबाई धावत आल्या. "बुवा, हे काय? वारसा धोक्यात आलाय!"

"पण बाई, मी सुखात आहे."

"तेच तर!"

तातडीने कासवांची समिती बसली. गाणं अस्सल राहायचं, तर त्याचं मूळ कारणही जपायला हवं, असं ठरलं. भामाला नेऊन संग्रहात ठेवलं. दारावर पाटी लागली: 'हात लावू नये'.

झिपऱ्या काकुळतीला आला. "बाई, पाया पडतो, माझी भामा परत द्या. तिच्याशिवाय घर खायला उठतं."

"वा! हीच ओळ पुन्हा म्हणा."

त्याने खरंच पुन्हा म्हटली. तेव्हा बाईंनाही दया आली आणि त्यांनी दार किलकिलं केलं.

"भामे, चल घरी," झिपऱ्या हुंदके देत म्हणाला.

भामा जागची हललीही नाही. "अहो, इथे गार आहे. दोन वेळचं जेवण आहे. आणि भिंती इतक्या जाड, की तुमचं गाणं अजिबात ऐकू येत नाही. मी माहेरी का गेले होते, विसरलात?"

तिने आतून कडी लावली.

त्या संध्याकाळी झिपऱ्या असा गायला, असा गायला, की कासवांच्याही डोळ्यांत पाणी आलं. घोरपडबाईंनी डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं.

तात्पर्य: कलावंताच्या दुःखाची विद्यापीठं फार काळजी घेतात. ते जराही कमी होऊ देत नाहीत.